मातीत गेलेलं औषध जातं कुठे?

फवारणीचे दिवस आले की हा प्रश्न कुणीतरी काढतंच. आपण दरवर्षी एवढं औषध मारतो, ते सगळं शेवटी जातं कुठे? पानावरचं पावसाने धुऊन गेलं, हे कळतं. पण धुऊन मातीत उतरलेलं, पाझरून विहिरीकडे निघालेलं, पंप धुताना बांधावर सांडलेलं, त्याचं काय होतं?

थोडं वाऱ्यावर उडतं, थोडं उन्हात तुटतं, थोडं ओढ्याला लागतं, थोडं मातीच्या कणांना चिकटून बसतं. आणि पुष्कळदा बराच मोठा वाटा मातीतले जिवाणू खाऊन टाकतात. चिमूटभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांतल्या काहींना कीटकनाशक किंवा तणनाशक हे खरोखरीचं अन्न म्हणून चालतं. त्यातल्या कार्बनवर किंवा नायट्रोजनवर ते वाढतात. या प्रकरणात आपण हे खाणारे कोण, ते कसं खातात आणि विषाने खराब झालेली जमीन साफ करायला त्यांना कामाला लावता येतं का, ते पाहू. त्याआधी एक हिशेब समजून घ्यायला हवा.

१. अर्धं उरायला किती दिवस?

मातीत पडलेल्या रसायनाचं प्रमाण अर्ध्यावर यायला जितका काळ लागतो, त्याला त्या रसायनाचं अर्धायुष्य म्हणतात. मक्यात आणि उसात वापरलं जाणारं ॲट्राझीन हे तणनाशक घ्या. माती आणि हवामानाप्रमाणे त्याचं अर्धायुष्य बदलतं, पण हिशेबासाठी ६० दिवस धरू. जूनच्या शेवटी एकरी ५०० ग्रॅम मारलं, तर ऑगस्टअखेर २५० ग्रॅम उरलं, दिवाळीच्या सुमारास १२५. वर्षभरात सहा वेळा अर्धं होत होत पुढच्या जूनला ८ ग्रॅमच्या आत येतं. दहा वर्षं सलग मारलं तरी मातीतला साठा दर हंगामात ५०८ ग्रॅमच्या आसपासच राहतो.

आता डीडीटी घ्या. त्याचं अर्धायुष्य वर्षांमध्ये मोजावं लागतं. १० वर्षं धरलं तर ५०० ग्रॅममधले वर्षाअखेरीस ४६७ ग्रॅम जागेवरच असतात. त्यावर पुढच्या वर्षीचे ५०० पडतात, त्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचे. दहाव्या फवारणीनंतर त्या एका एकरात पावणेचार किलोच्या आसपास डीडीटी साठलेलं असतं. दरवर्षीची मात्रा दोन्हीकडे सारखीच आहे. फरक आहे तो मातीतल्या जिवाणूंना त्या रेणूला हात घालता येतो की नाही, एवढाच.

या हिशेबात एक खोच आहे आणि ती नीट लक्षात ठेवावी लागेल, कारण पुढे ती पुन:पुन्हा भेटणार आहे. प्रयोगशाळेत मातीचा नमुना तपासून "डीडीटी कमी झालं" असं म्हणतात, तेव्हा मूळ डीडीटीचा रेणू कमी झालेला असतो. तो कशात बदलला, हे त्या आकड्यात येत नाही. डीडीटीतून एक हायड्रोजन आणि एक क्लोरीन निघून गेला की डीडीई नावाचं रसायन तयार होतं. ते डीडीटीपेक्षाही चिवट असतं. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ करून त्यांच्या पिढ्या बुडवण्यात मोठा हात या डीडीईचाच होता. एंडोसल्फानचंही तसंच. मातीतले सूक्ष्मजीव त्याला ऑक्सिजन जोडतात आणि त्याचं एंडोसल्फान सल्फेट होतं, जे मुळाइतकंच विषारी आणि जास्त टिकाऊ आहे. दोन्ही ठिकाणी जिवाणूंनी काम केलेलं असतं. ते आपल्या उपयोगाचं नसतं.

म्हणून कुणी सांगितलं की अमुक जिवाणू अमुक कीटकनाशक तोडतो, तर पहिला प्रश्न विचारायचा: तोडून काय उरतं? रेणू पूर्ण मोडला आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि मिठात असतो तसला साधा क्लोराइड एवढंच राहिलं, तर काम फत्ते. वाटेत कुठे गाडी अडली, तर ती कुठे अडली ते पाहावं लागतं.

२. दुसऱ्या खेपेला माती तयार असते

१९४० च्या दशकात टू-फोर-डी हे तणनाशक आलं. गव्हात, ज्वारीत, उसात रुंद पानांचं तण मारायला आपल्याकडेही ते चांगलंच परिचयाचं आहे. लंडनमध्ये ऑडस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या नळीत माती भरायची, तिच्यातून टू-फोर-डीचं पाणी हळूहळू झिरपवायचं, खाली आलेलं पाणी परत वर सोडायचं आणि त्यात औषध किती उरलं ते मोजत राहायचं.

सुरुवातीचे बरेच दिवस काहीच घडलं नाही. मग एकाएकी प्रमाण झपाट्याने घसरलं आणि औषध संपलं. त्याच मातीतून दुसऱ्यांदा औषध सोडलं तेव्हा मात्र वाट पाहावी लागली नाही. पहिल्या दिवसापासून ते तुटू लागलं.

याचा अर्थ असा. त्या मातीत टू-फोर-डी खाऊ शकणारे जिवाणू आधीपासून होते, पण मूठभर. औषध आलं, तसे ते वाढू लागले. एका जिवाणूचे दिवसाला दोन होतात असं धरा. दहा दिवसांनी त्याचे हजार होतात, वीस दिवसांनी दहा लाख. पहिल्या दहा दिवसांत हजार जिवाणूंनी खाल्लेलं औषध इतकं थोडं असतं की मोजणाऱ्याला फरक दिसत नाही. विसाव्या दिवशी तो एकदम दिसतो. दुसऱ्या खेपेला फौज जागेवर उभीच असते.

जिवाणू हे करतात ते विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या जोरावर. विकर हे एक प्रथिन असतं आणि त्याला सहसा एकच काम येतं: रेणूतला एक ठरावीक बंध तोडणं किंवा एक ठरावीक जागा बदलणं. एक पूर्ण रेणू मोडायला पाच-सहा किंवा त्याहून जास्त विकरं ओळीने लागतात, आधीच्याने सोडलेला तुकडा पुढचा उचलतो. ही विकरं बनवण्याच्या सूचना जनुकांमध्ये असतात. आणि इथे जिवाणूंची एक मोठी सोय आहे. कीटकनाशक तोडणारी जनुकं पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या, मुख्य गुणसूत्रापासून सुट्या असलेल्या डीएनएच्या लहान कड्यांवर असतात. हे कडं एक जिवाणू शेजारच्याला देऊ शकतो, अगदी दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही. त्यामुळे एखाद्या शेतात हे कसब एकदा आलं की ते फक्त मुलाबाळांत न राहता शेजारीपाजारीही पसरतं.

शेतकऱ्याला याचा जाचही होतो. कार्बोफ्युरानसारखं मातीतलं औषध एकाच शेतात वर्षानुवर्षं वापरलं, तर जिवाणू इतके तरबेज होतात की औषध किडीपर्यंत पोचायच्या आतच फस्त होतं. मग "औषध भेसळीचं आहे" अशी तक्रार येते. कधी ते खरंही असतं. पण कधी औषध अस्सल असतं आणि माती शिकलेली असते.

३. भाताच्या पाण्यात सापडलेला जिवाणू

मातीच्या या शिक्षणातून विज्ञानाला मिळालेला एक फार महत्त्वाचा जिवाणू भातखाचरातला आहे आणि तो शोधणाऱ्यांत एक भारतीय शास्त्रज्ञ आहे. एन. सेतुनाथन फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत होते. तिथे तुडतुड्यांसाठी खाचरातल्या पाण्यात डायझिनॉन टाकत असत. वारंवार औषध टाकलेल्या खाचरांत ते लवकर नाहीसं होऊ लागलं. सेतुनाथन आणि त्यांचे सहकारी योशिदा यांनी त्या पाण्यातून डायझिनॉनवर जगणारा जिवाणू वेगळा काढला आणि १९७३ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. सेतुनाथन पुढे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत आले आणि भारतातल्या मातीवर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हेच काम चालू ठेवलं.

हा जिवाणू डायझिनॉनच्याच कुळातलं पॅराथिऑनही तोडतो. मिथिल पॅराथिऑन म्हणजे आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांचं फॉलिडॉल. जिवाणू वाढलेल्या चंबूत पॅराथिऑन घातलं की पाणी पिवळं होऊ लागतं. यंत्र नाही, मोजणी नाही, नुसत्या डोळ्यांना दिसतं. रेणूचे दोन तुकडे होतात आणि त्यांतला पॅरा-नायट्रोफिनॉल हा तुकडा पिवळा असतो.

पिवळ्या रंगाच्या दोन बाजू आहेत. चांगली बाजू मोठी आहे. पॅराथिऑन, डायझिनॉन, क्लोरपायरिफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली विषं. आपल्या मज्जातंतूंमध्ये निरोप पोचल्यावर तो पुसून टाकणारं एक विकर असतं, ही विषं त्यालाच जाम करतात. निरोप पुसला जात नाही, स्नायू आखडत राहतात, श्वास अडतो. विषाची ही ताकद फॉस्फरसभोवतीच्या एका बंधावर अवलंबून असते. जिवाणू नेमका तोच तोडतो. तो तुटला की मज्जातंतूंवरचा घाला संपला.

दुसरी बाजू अशी की उरलेलं पिवळं पाणीही निर्धोक नसतं आणि हा जिवाणू पॅरा-नायट्रोफिनॉल खाऊ शकत नाही. त्यासाठी दुसऱ्या जातीचे जिवाणू लागतात, आणि मातीत ते असतात. प्रयोगशाळेत एकेकटा जिवाणू काढून त्याचं कौतुक करायची आपल्याला सवय आहे. शेतात मात्र हे बहुधा सांघिक काम असतं.

विषाचा बंध तोडणारं हे विकर पेशीबाहेर काढलं तरी चालतं, हे पुढे फार उपयोगी पडलं. त्याला पेशीतली ऊर्जा लागत नाही, पाणी आणि धातूचे दोन अणू पुरतात. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने तिथल्याच मातीतल्या एका जिवाणूपासून असंच एक विकर मिळवलं आणि त्याची विक्रीयोग्य पूड झाली. मेंढ्यांच्या अंगावरच्या उवा माराव्यात म्हणून तिथे मेंढ्यांना डायझिनॉनच्या पाण्यात बुचकळून काढत असत. हजारो लिटर विषारी पाणी मागे उरायचं. ते ओतायचं कुठे? ही पूड त्यात टाकायची. इथे जिवाणू वाढवायचा नाही, जगवायचा नाही. त्याचं हत्यार तेवढं वापरायचं.

४. गॅमेक्झीन पावडरचे मागे राहिलेले ढिगारे

मुंग्यांच्या रांगेवर पांढरी, उग्र वासाची गॅमेक्झीन पावडर टाकणारी घरं महाराष्ट्रात असंख्य होती. शेतात हीच पूड बीएचसी म्हणून हुमणी-वाळवीसाठी पोत्यांनी धुरळली जायची. तिचं रासायनिक नाव हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन. आपण एचसीएच म्हणू. जिवाणूंकडून विष तोडून घेण्याचं भारतातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत शिकण्यासारखं काम याच पुडीवर झालं आहे, म्हणून इथे जरा थांबू.

मायकेल फॅरडेने १८२५ साली बेंझीनवर उन्हात क्लोरीन सोडून एचसीएच पहिल्यांदा बनवलं. ते किडी मारतं हे कळायला १९४० चं दशक उजाडलं. रेणू दिसायला सोपा आहे: सहा कार्बनचं कडं आणि प्रत्येक कार्बनला एक हायड्रोजन व एक क्लोरीन. पण हे क्लोरीन कड्याच्या वरच्या अंगाला आहेत की खालच्या, यावरून त्याचे वेगवेगळे प्रकार होतात: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. अणू तेच, संख्या तीच, मांडणी वेगळी. कीटक मारण्याची ताकद जवळजवळ सगळी गॅमात. गॅमा ओळखणाऱ्या व्हॅन डेर लिंडेन यांच्या नावावरून शुद्ध गॅमाला लिंडेन म्हणतात.

आता कारखान्याचा हिशेब मांडू. तयार होणाऱ्या कच्च्या एचसीएचमध्ये गॅमा साधारण १० ते १५ टक्के असतं. १०० किलो माल काढला आणि त्यातून १२ किलो लिंडेन वेगळं केलं, तर ८८ किलो अल्फा, बीटा, डेल्टा हाताशी उरतं. किडी न मारणारं, पण माणसाला आणि जमिनीला घातक. म्हणजे एक किलो लिंडेनमागे सात-आठ किलो, आणि गॅमा कमी निघालं तर त्याहूनही जास्त कचरा. जगभर असा ४० ते ७० लाख टन कचरा पडून असल्याचा अंदाज आहे. स्पेनमधल्या साबिन्यानिगो गावाजवळ तो आहे, जर्मनीत आहे आणि आपल्याकडे लखनौजवळ आहे.

भारतात कच्च्या एचसीएचवर १९९७ मध्ये बंदी आली. लिंडेन २००९ साली चिवट विषारी रसायनांवरच्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या बंदीयादीत गेलं आणि आपल्याकडे २०१३ पर्यंत त्याचा वापर थांबला. कचरा मात्र जिथे होता तिथेच राहिला. लखनौजवळच्या उम्मरी गावाच्या परिसरात टाकलेल्या मालाची माती दिल्ली विद्यापीठातल्या रूप लाल यांच्या गटाने तपासली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कचऱ्याच्या जागेवरच्या एक ग्रॅम नमुन्यात ४५० मिलिग्रॅम एचसीएच होतं. म्हणजे किलोभर मातीत पाव किलोची जवळजवळ दोन मापं निव्वळ विष. तिला माती म्हणायचं धाडस होत नाही.

आणि त्या मातीत जिवाणू होते. नुसते जिवंत नव्हे, वाढलेले होते. विषाचं प्रमाण चढत गेलं तसं स्फिंगोमोनाड या गटातल्या जिवाणूंचं प्रमाणही चढत गेलेलं दिसलं. या परिसरातून नव्या जाती सापडल्या आणि त्यांना नावंही तिथलीच मिळाली: स्फिंगोबियम उम्मरिएन्स, स्फिंगोबियम चिनहटेन्स, स्फिंगोबियम लखनौएन्स. विषारी कचऱ्यामुळे एखाद्या गावाचं नाव जिवाणूशास्त्राच्या यादीत जावं, यात अभिमान आणि दुःख दोन्ही आहे.

या गटातला भारतातला सर्वांत अभ्यासलेला जिवाणू मात्र त्याआधीचा आहे. १९९० साली कटकच्या गटाने उसाच्या मुळांलगतच्या मातीतून तो काढला. बी-नव्वद-ए या क्रमांकाने तो ओळखला जातो आणि आज त्याचं नाव स्फिंगोबियम इंडिकम असं आहे. असे जिवाणू हुडकायची एक रीत पाहण्यासारखी आहे. काचेच्या तबकडीत अगार हे जेलीसारखं माध्यम ओततात, त्यावर एचसीएचचा पातळ थर बसवतात. एचसीएच पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून तबकडी दुधट, धूसर दिसते. तिच्यावर मातीचं पातळ केलेलं पाणी पसरतात आणि थांबतात. जिवाणूंचे ठिपके उगवतात. बहुतेक ठिपक्यांभोवतीचा धूसरपणा तसाच राहतो. एखाद्याच ठिपक्याभोवती स्वच्छ पारदर्शक वर्तुळ उघडतं. तिथलं एचसीएच खाल्लं गेलेलं असतं.

हा जिवाणू नेमकं करतो काय? पहिलं विकर कड्यावरून एकेक हायड्रोजन आणि शेजारच्या कार्बनवरचा एकेक क्लोरीन जोडीने उचलतं. ही जोडी उचलायला अट एकच: दोघं कड्याच्या विरुद्ध अंगांना, एक सरळ वर आणि एक सरळ खाली, असे उभे पाहिजेत. गॅमात, अल्फात, डेल्टात अशा जोड्या सापडतात. दुसरं विकर क्लोरीन काढून त्याजागी पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बसवतं. पुढची विकरं आणखी क्लोरीन काढतात, शेवटी कडं फोडलं जातं आणि त्याचे तुकडे पेशीच्या नेहमीच्या ऊर्जाचक्रात जातात. आपण पचवलेली भाकरीही शेवटी याच चक्रात येऊन पोचते. गॅमाच्या बाबतीत सहाही क्लोरीन साधे क्लोराइड होऊन बाहेर पडतात.

बीटा मात्र हटवादी आहे. त्याचे सहाही क्लोरीन कड्याच्या बाहेरच्या बाजूला पसरलेले असतात, वर-खाली उभी अशी जोडीच सापडत नाही. पहिलं विकर तिथे निकामी ठरतं. म्हणूनच बीटा मातीत सर्वांत जास्त टिकतो, आणि चरबीत साठत असल्याने दुधातुपातून माणसापर्यंत पोचतो. दुसरं विकर त्यावर थोडं चालतं. जपानमधल्या अशाच एका प्रसिद्ध जिवाणूचं हे विकर एक क्लोरीन काढून थांबतं. आपल्या उसाच्या मातीतल्या जिवाणूचं दोन काढतं. दोन्ही विकरांत फरक किती, तर शेकडो अमिनो आम्लांपैकी अवघ्या सातांचा. पण दोन काढले तरी चार उरतातच, आणि पहिल्या भागातला प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. बीटा कमी झाला असा आकडा आला, तर त्यातून उरलेला क्लोरीनवाला तुकडा मोजला का, हे विचारलंच पाहिजे.

५. मग जिवाणू आणून टाकले की झालं?

नाही. आणि का नाही, हे दही लावणाऱ्या कुणालाही पटेल. आपण दूध आधी तापवतो, कोमट होऊ देतो, मग चमचाभर विरजण लावतो. तापवल्याने दुधातले बाकीचे बहुतेक जिवाणू मेलेले असतात. कोमटपणामुळे विरजणातले जोमाने वाढतात. शेत म्हणजे न तापवलेलं दूध, तेही कधी थंडगार, कधी कडक ऊन लागलेलं. त्यात कोट्यवधी स्थानिक जिवाणू ठाण मांडून आहेत, त्यांना खाणारे आदिजीव आहेत, ओल कमी-जास्त आहे. प्रयोगशाळेत सुखात वाढलेला पाहुणा अशा जागी पडला की काही आठवड्यांत त्याची संख्या घसरते.

म्हणून काम दोन तऱ्हांनी करतात. एक म्हणजे बाहेरचे जिवाणू न आणता जागेवरचेच वाढवायचे. ओल टिकवायची, माती खालीवर करून हवा खेळवायची, कमी असलेलं पोषण द्यायचं. दुसरी तऱ्हा पाहुणे आणण्याची, पण बंदोबस्ताने. दिल्लीच्या गटाने बी-नव्वद-ए हा जिवाणू दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या पुडीत मुरवला. पुडीच्या छिद्रांत त्याला आसरा मिळाला, साठवण आणि वाहतूक सोपी झाली. एचसीएच असलेल्या मातीत ती पूड मिसळल्यावर विषाचं प्रमाण घटलं, आणि एकदा घालण्यापेक्षा पुन:पुन्हा घालत राहणं गरजेचं आहे हेही कळलं.

ॲट्राझीनच्या बाबतीत अमेरिकेत तिसरीच वाट निघाली, आणि मला ती फार विचारपूर्वक काढलेली वाटते. मिनेसोटा विद्यापीठातल्या वॅकेट आणि सॅडोव्स्की यांच्या गटाने १९९५ मध्ये ॲट्राझीनवर वाढणारा जिवाणू वर्णिला होता. त्याचं पहिलं विकर ॲट्राझीनमधला क्लोरीन काढून ते तणनाशक म्हणून निकामी करतं. हे विकर भरपूर बनवणारे ई. कोलाय जिवाणू त्यांनी जनुकबदल करून तयार केले, मग ते मारले आणि मेलेल्या पेशी साउथ डकोटा राज्यात ॲट्राझीन सांडून खराब झालेल्या मातीत मिसळल्या. पेशी मेली तरी तिच्यातलं विकर काम करत राहतं. जनुकबदल केलेला जिवंत जीव उघड्यावर सोडण्याचा धोकाही टळतो. आठ आठवड्यांनी नुसत्या माती-पाण्याच्या वाफ्यांत ॲट्राझीन होतं तसंच होतं. मेलेल्या पेशी घातलेल्या वाफ्यांत ते ५२ टक्क्यांनी घटलं, आणि पेशींबरोबर फॉस्फेट घातलेल्या वाफ्यांत ७७ टक्क्यांनी. फॉस्फेट स्थानिक जिवाणूंना मिळालं. त्या माणसांनी आपलं हत्यार वापरलं आणि मातीतल्या फौजेलाही रसद पुरवली.

"जमीन विषमुक्त करणारे जिवाणू" अशी बाटली कुणी दाखवली, तर हे सगळं आठवावं. कुठलं रसायन तोडतात, ते सांगितलंय का? सगळीच विषं तोडणारा जिवाणू नसतो, हे आतापर्यंत दिसलंच. तोडून काय होतं, ते सांगितलंय का? जिवाणू न टाकलेल्या जमिनीच्या तुकड्याशी तुलना केली आहे का? साउथ डकोटात ते नुसत्या माती-पाण्याचे वाफे नसते, तर ७७ टक्क्यांना काही अर्थ नसता.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मातीतला कुठलाही जिवाणू पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या कामी येत नाही. हातमोजे, मास्क, बंदी घालायला हवी अशा विषांवर बंदी, हे सगळं स्वतंत्रपणे करावंच लागतं. जिवाणूंच्या भरवशावर ते टाळणं हा अन्याय आहे.

६. पंप भरायच्या जागेखालचा खड्डा

शेतात हातासरशी करता येईल असं काही आहे का? आहे, आणि ते स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात सुरू झालं. तिथे लक्षात आलं की विहिरी-नाल्यांत जाणारं औषध पुष्कळदा शेतभर फवारलेल्यातून येत नाही. ते एकाच ठिकाणाहून येतं: जिथे औषध मोजतात, पंप भरतात, टाकी धुतात. आपल्याकडे ही जागा बहुधा विहिरीलाच लागून असते, कारण पाणी तिथे असतं. वर्षानुवर्षं त्याच दोन-चार चौरस मीटरवर न पातळ केलेलं औषध सांडत राहतं.

त्या जागी साधारण ६० सेंटीमीटर खोल खड्डा घेतात. तळाला चिकणमातीचा थर, म्हणजे खाली झिरपणं मंदावतं. त्यावर आकारमानाने दोन भाग काड, एक भाग पीट म्हणजे दलदलीतली कुजकी माती आणि एक भाग शेतातली माती, असं आधी काही आठवडे कुजवलेलं मिश्रण. वर गवत. पंप या गवतावर उभा करून भरायचा आणि धुवायचा. काडावर पांढरी बुरशी वाढते. लाकडातलं लिग्निन तोडणारी तिची विकरं निवडक नसतात, ती औषधांचे रेणूही फोडतात. पीट ओल आणि औषध दोन्ही धरून ठेवतं. शेतातल्या मातीतून, त्याच औषधांवर शिकलेले जिवाणू येतात. गवताचं कामही नेमकं आहे: ते जादा पाणी उडवतं आणि कुठे तणनाशक सांडलं असेल तर त्या जागी करपून ते दाखवून देतं.

पीट आपल्याकडे सहज मिळत नाही, पण त्यासाठी अडायचं कारण नाही. इटलीत पीटऐवजी कंपोस्ट आणि द्राक्षवेलींच्या छाटणीच्या काड्या वापरून असे खड्डे केले गेले आहेत. नाशिक-सांगलीच्या बागांत दर छाटणीला त्या काड्यांचे ढीग पडतात. स्वीडनपेक्षा आपली माती उबदार आहे, म्हणजे जिवाणूंचा वेग जास्त. अडचण पावसाळ्याची आहे. खड्ड्यात पाणी तुंबलं की हवा संपते आणि हवेवर जगणारे जिवाणू थांबतात, म्हणून वर पत्र्याचं छप्पर हवंच. उन्हाळ्यात उलट, अधूनमधून पाणी शिंपावं लागतं.

द्राक्षबागेत आणखी एक सांभाळायचं आहे. डाऊनी या रोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतं, म्हणजे तांबं. डीडीटी असो, एचसीएच असो, तो रेणू असतो आणि रेणू मोडता येतो. तांबं हे मूलद्रव्य आहे. जगातला कुठलाही जिवाणू ते मोडू शकत नाही. बोर्डोचं धुवण खड्ड्यात गेलं तर तांबं तिथे साठत जातं आणि पुरेसं साठलं की बाकीची औषधं तोडणाऱ्या जिवाणूंनाच मारतं. शिवाय खड्ड्यातलं मिश्रण साधारण सहा ते आठ वर्षांनी काढून, वर्षभर ढीग लावून कुजवून शेतात पसरायचं असतं. त्यात तांबं असेल तर ते पुन्हा शेतात जातं. म्हणून बोर्डो मोजून तेवढंच करायचं, आणि टाकी विसळलेलं पाणी खड्ड्यात न सोडता त्याच बागेच्या शेवटच्या ओळींवर फवारून संपवायचं.